मोकल सिस्टरांचा पातीचा चहा

मोकल सिस्टरांच्या ओट्यावर चहा हवा असेल तर आधी गोळ्यांची पट्टी दाखवावी लागे. नुसती दाखवून भागत नसे. त्यातली गोळी त्यांच्या डोळ्यांदेखत, साध्या पाण्याबरोबर गिळायची, तोंड उघडून जीभ उचलून दाखवायची, आणि मगच आतून स्टीलचा पेला बाहेर येई. ज्याला कुठलीच गोळी चालू नाही त्याला सरळ चहा मिळे. पण आमच्या पेणच्या त्या गल्लीत पन्नाशीच्या पुढे असे भाग्यवान किती असणार? रोज सकाळी आठ वाजता सहा-सात माणसं हातात पट्ट्या धरून ओट्यावर बसलेली असत. नवख्याला वाटे, इथे रेशनचंच काहीतरी वाटप चाललंय.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही पुष्कळ हसलोय. पण तो नियम गमतीतून आला नव्हता, सिस्टरांच्या सख्ख्या भावाच्या दुखण्यातून आला होता, आणि त्या दुखण्याचं खापर त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. सिस्टर ऑपरेशनला गेल्या त्या परत आल्या नाहीत, त्याला आता वर्ष होत आलं. गल्लीत सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त आठ वाजले की मला काही सुचत नाही.

माझं मेडिकलचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. औषधं विकणारा माणूस पाल्याच्या चहावर लिहायला बसला म्हणजे याचं काहीतरी बिघडलंय, असं आमच्या धंद्यातले लोक म्हणतील. म्हणू देत. मी स्वतः भरपूर दुधाचा, भरपूर साखरेचा, उकळून उकळून लाल केलेला चहा पिणारा माणूस. गवताच्या पाण्याने कुणाला तरतरी येते यावर माझा विश्वास नव्हता, आणि गंमत म्हणजे सिस्टरांचाही फारसा नव्हता. एकदा मी त्यांना खूश करायला म्हटलं, "सिस्टर, तुमच्या चहाने माझं डोकं उतरलं हो."

त्या एकदम भडकल्या. "डोकं दुखत होतं ते उन्हानं. इथं सावलीत बसलास म्हणून उतरलं. चहाच्या नावावर काय पण खपवू नको."

"मग पाजता कशाला लोकांना?"

"चांगला लागतो म्हणून. तू वडा खातोस तो काय संधिवातावर खातोस?"

मी पेला उचलून राहिलेला चहा संपवला.

सिस्टर मूळच्या पेणच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावातल्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. त्यातून ही एकच मुलगी शिकली, नर्स झाली आणि रोह्याच्या एका दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. कुणी आगाऊपणाने विचारलंच तर म्हणत, "बघायला आले होते एकदा. मी त्यांच्या आईचं बीपी बघितलं आन थेट दवाखान्यात पाठवलं. परत आलेच नाय."

निवृत्तीनंतर त्या आमच्या गल्लीत राहायला आल्या तो दिवस मला आठवतो. टेम्पोत एक खाट, एक कपाट, एक टेबलफॅन, आणि बाकी सगळ्या कुंड्या. कुंड्या तरी कसल्या, तेलाचे डबे, रंगाचे डबे, तडा गेलेलं घमेलं, एक फुटका माठ. ड्रायव्हर कुरकुरत होता की सामान म्हणून सांगितलं आणि जंगल भरलं. सिस्टर त्याच्या शेजारी गवती चहाचा गड्डा मांडीवर घेऊन बसून आल्या होत्या. हा गड्डा त्यांनी रोह्याला दवाखान्यामागच्या पाण्याच्या टाकीच्या गळक्या नळाखाली लावलेला. नळ दुरुस्त करायला प्लंबर आला की त्याला चहा पाजून परत पाठवत, असं त्या स्वतःच सांगत.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. घेतलं काहीच नाही. चष्मा वर-खाली करत कपाटातल्या खोक्यांवरच्या तारखा वाचत सुटल्या. दहा मिनिटांनी एक पट्टी माझ्यापुढे ठेवली. मुदत संपून महिना झाला होता.

"ही विकायला ठेवलीयस का मारायला?"

नजरचुकीने राहिली होती, पण मी घरच्यांसमोरसुद्धा इतका खजील झालो नसेन. तेव्हापासून दर पहिल्या तारखेला मी सगळ्या खोक्यांच्या तारखा तपासतो. आजही.

त्यांच्या परसात पाऊल टाकलं की आधी वास यायचा. गवती चहाची दोन बेटं, तुळशी पाच-सहा, पुदिन्याचा पसरलेला वाफा, पानओव्याची मऊ, जाड पानं, बडीशेपेचा पाला, कुंपणाशी आल्याचे कोंब. बस. कुणी कौतुकाने गुळवेल आणून दिली, कुणी अडुळसा. त्यांनी दोन्ही परत पाठवलं. त्यांचा हिशेब साधा होता. "जे पाहुण्याला देता येईल तेवढंच माझ्या पेल्यात. कडू लागलं म्हणजे औषध. औषध पायजे तर डॉक्टर हाय."

आणि करण्याची पद्धत म्हणाल तर अगदी वॉर्डातली. पात सकाळी सातच्या आत कापायची. तीन पाण्यांनी धुवायची. सुरीने चिरायची नाही, हाताने दुमडून मोडायची. पाणी उकळलं की गॅस बंद, मग पाला आत, आणि वर ताबडतोब झाकण. मग त्या साडीला खांद्याजवळ उलटं अडकवलेलं नर्सचं घड्याळ हातात धरून उभ्या राहत. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत कुणी झाकण उचललं तर खैर नसे. शेजारच्या रेखाताईंनी एकदा वास घ्यायला म्हणून उचललं. "वास सगळा घरात सोड गो, आन लोकांना गरम पाणी पाज," असं ऐकून घ्यावं लागलं. रेखाताई जवळच्या जोहे गावातल्या एका कारखान्यात गणपतींचे डोळे रंगवायला जातात. त्यांचा हात इतका स्थिर की मालक कुणाला त्यांच्यापुढे ब्र काढू देत नाही. त्या रेखाताई सिस्टरांपुढे मात्र गप्प बसत.

साखर नाही. गूळ मागितला तर खडाभर मिळे, तोही तोंड बघून. सिस्टरांना गल्लीतल्या प्रत्येकाची शुगर पाठ होती. माझं तोंड बघून त्यांनी मला एकदा सोडून कधीच गूळ दिला नाही.

पहिली तीन-चार वर्षं चहाला कसलीही अट नव्हती. येईल त्याने प्यावा. आणि दर रविवारी सिस्टर खाडीकाठच्या आपल्या गावी जात, थोरल्या भावाला भेटायला.

हा भाऊ म्हणजे हिराजीदादा. जन्मभर मिठागरात काम केलेला, उन्हाने काळाकभिन्न झालेला, बायको गेल्यापासून एकटाच राहणारा. मुलगी सुजाता रोह्याला दिलेली. हिराजीदादांचं बीपी एवढं चढलेलं की डॉक्टरांनी रोज सकाळची गोळी चालू केली आणि मीठ बंद करायला सांगितलं. दादा डॉक्टरांच्या तोंडावर हसले म्हणे. "मिठावर जल्म गेला माझा. आता त्याला सोडू व्हय?" सुकी मासळी ते वरून मीठ लावून खात.

सिस्टरांना भावाची फार काळजी. महिन्याच्या गोळ्या त्या माझ्याकडून घेत आणि रविवारी घेऊन जात. जाताना चहाची पातही नेत. कापडी पिशवीत तळाला पट्ट्या, भोवती ओल्या फडक्यात गुंडाळलेली पात, म्हणजे बसच्या गर्दीत पट्ट्या चेपायला नकोत. दादांना तो चहा फार आवडे. "बायचा चा" म्हणून गावभर सांगत. बाय म्हणजे सिस्टर. साठी ओलांडलेल्या बहिणीला त्यांच्या लेखी दुसरं नाव नव्हतं.

त्या वर्षी भाद्रपदात एका सकाळी दादा अंगणात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सिस्टर निरोप मिळताच गेल्या, स्वतः गाडी करून त्यांना दवाखान्यात नेलं, आठ दिवस उशाशी बसल्या. जीव वाचला. मग दादांचे कपडे आणायला म्हणून त्या गावच्या घरी गेल्या, आणि कपड्यांखाली त्यांना एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या. गेल्या कित्येक महिन्यांच्या. नीट, एकावर एक रचलेल्या. एकीतलंही गोळीचं घर फुटलेलं नव्हतं.

तो डबा घेऊन त्या दुकानात आल्या. काउंटरवर ठेवला. मी उघडला. पट्ट्या सगळ्या माझ्याच दुकानातून गेलेल्या. मी मूर्खासारखं म्हणालो, "यातल्या काही अजून चालतील, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डबा मिटला.

दादा हळूहळू बोलू लागले ते दोन महिन्यांनी. एकेक शब्द, तोही ओढून काढलेला. सिस्टरांनी त्यांना पेणला आपल्याकडेच आणलं होतं. एकदा त्यांनी विचारलंच, "दादा, गोळ्या का घेतल्या नाय?" मी तिथेच होतो, कंबरेचा पट्टा द्यायला गेलो होतो. दादांनी पुष्कळ वेळ लावून जे सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "एकाच... पिशवीतून... आणलंस. वाटलं... दोनी एकच काम करत्यात. चा... गोड लागायचा. मंग... चाच घेतला."

एवढंच. बहिणीने आणलेल्या दोन वस्तू. बहीण काही वाईट आणणार नाही. दोन्हींतली जी बरी लागली ती घेतली. यात त्या भल्या माणसाची काय चूक होती? आणि सिस्टरांची तरी काय? पट्टी चेपू नये म्हणून पाल्यात गुंडाळली, एवढीच. पण हे त्यांना कोण पटवणार. तीस वर्षं लोकांना औषधं वेळेवर देणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने भावाच्या औषधाशेजारी त्याची पळवाट ठेवली होती. निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि त्यांच्या वाटण्यापुढे कुणाचं चालत नसे.

त्यांनी चहा बंद केला. गवती चहाची बेटं माजून कंबरेएवढी झाली, तुळशींना मंजिऱ्या येऊन वाळल्या, पुदिना कुंपण ओलांडून रेखाताईंच्या दारात गेला. लोक विचारत, सिस्टर मान हलवत. मला वाटलं होतं, संपलं हे प्रकरण.

ते पुन्हा सुरू झालं रेखाताईंमुळे. एका सकाळी त्या पातेलं घेऊन आल्या. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं की अमुक पाला उकळून प्यायला की बीपी कायमचं जातं. रेखाताईंनी तो पाला कुठूनशा कुंपणावरून तोडून उकळला होता, आणि पिण्याआधी सिस्टरांना विचारू म्हणून आल्या होत्या. सिस्टरांनी वास घेतला, एक पान चुरगाळून बघितलं आणि पातेलं तसंच्या तसं मोरीत उपडं केलं.

"कसला पाला हाय हा?"

"तुळशीसारखाच दिसतो ना?"

"तुझा गणपती मारुतीसारखा दिसला तर चालंल का गो मालकाला?" मग जरा थांबून, "बीपीची गोळी घेतेस?"

रेखाताईंनी मोरीतलं पातेलं उचलून विसळायला घेतलं.

सिस्टर तडक परसात गेल्या. वाळलेल्या पाती उपटून टाकल्या, आतली कोवळी पात मोडली, पाणी ठेवलं. रेखाताईंना म्हणाल्या, "घरी जा. पट्टी घेऊन ये. माझ्यासमोर गोळी घे, मग चहा देते. उद्या परत ये. परवा परत. माझ्या चहानं एक माणूस गोळी विसरला, आता माझ्याच चहासाठी माणसं गोळी घेतील."

असा तो नियम आला. आणि काय सांगू, लागू पडला. दोन महिन्यांत आमच्या गल्लीत असे लोक नियमाने गोळ्या घेऊ लागले ज्यांच्या डॉक्टरी कागदांवर धूळ बसली होती. सकाळी आठला घरी एकट्याने गोळी गिळायचा कंटाळा येतो. ओट्यावर सात जणांत बसून गिळायची, वर वाफाळता पेला, वर सिस्टरांची बोलणी, त्याची मजा वेगळी. कुणी आलं नाही तर सिस्टर त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत. माझी विक्री वाढली, असं मी एकदा गमतीत बोललो. त्यांनी त्या दिवशी मला चहा दिला नाही.

याच सुमारास कुणा हौशी माणसाने त्यांचा व्हिडिओ काढून फिरवला. खाली लिहिलं होतं, 'सिस्टरांचा बीपी शुगर चहा'. कोलाडकडून दोन माणसं शोधत आली. त्यांना बाटलीत भरून हवा होता. सिस्टरांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, दोघांचं बीपी मोजलं आणि एकाला कागदावर डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. तो माणूस नंतर तीनदा आला, दर वेळी पट्टी घेऊन. व्हिडिओ काढणाऱ्याचा मात्र त्यांनी असा समाचार घेतला की तो अजून आमच्या गल्लीतून जाताना फोन खिशात घालतो.

या सगळ्यात एकाच माणसाने त्यांना समाधान दिलं नाही. हिराजीदादा. म्हणजे एव्हाना ते काठी टेकत घरातल्या घरात फिरू लागले होते, आणि गोळीही घेत. सिस्टर पाणी पुढे करत, गोळी तळहातावर ठेवत, ते निमूट गिळत. पण सिस्टरांना ते पटत नसे. एकदा मी म्हटलं, "घेतायत ना? मग झालं तर."

"मी देते म्हणून घेतो. आदी चहावर विश्वास होता, आता माझ्यावर हाय. गोळीवर कुठं हाय? मी एक दिवस नाय दिली तर मागायचा नाय तो, शशी. बसून राहील."

त्यांनी हे करूनही बघितलं होतं. मुद्दाम आठ वाजता बाहेर गेल्या. सव्वाआठला येऊन बघतात तर दादा खाटेवर बसलेले, समोर पट्टी, शेजारी पाणी. वाट बघत. असं दोनदा झालं, तीनदा झालं. सिस्टर रागावल्या नाहीत. मुकाट्याने गोळी दिली आणि पातेलं ठेवलं.

मला हे सगळं गंमत म्हणून चालून गेलं असतं. पण एव्हाना सिस्टर स्वतःच्या गोळ्याही माझ्याकडून घेऊ लागल्या होत्या, आणि कागद वाचता येणाऱ्या माणसापासून काय लपतं? हृदयाची झडप खराब झाली होती. परसातून ओट्यापर्यंत येताना त्या मध्ये थांबत, खांबाला हात लावून. मी विचारलं तर म्हणत, "पात बघत होते." डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं. लवकर म्हणजे लवकर.

सिस्टरांनी गणपती जाऊ देत म्हटलं. मग दिवाळी. मग शिमगा. कारण एकच, दादांची गोळी.

"मी देईन की," मी म्हटलं. "रेखाताई आहेत. सुजाता येऊन राहील."

"तुम्ही द्याल, तो घेईल. ते मला माहिती हाय. ज्या दिवशी तो आपणहून मागंल त्या दिवशी मी जाते."

मी भांडलो त्यांच्याशी. अगदी हात जोडून, आवाज चढवून भांडलो. जगाला वेळेवर गोळी घ्यायला लावता आणि स्वतःच्या दुखण्याला तारखांवर तारखा देता, हे कुठलं नर्सिंग? त्यांनी ऐकून घेतलं आणि मला पेला दिला, त्यात पहिल्यांदाच गुळाचा खडा टाकला. मला त्याचा अजून राग येतो. त्या गुळाचा आणि सिस्टरांचाही. मी आणखी भांडायला हवं होतं.

शेवटी वैशाखात त्या परसातच बसकण मारून बसल्या, उठवेना. रोह्याहून सुजाता आली आणि तिने आत्याचं काही एक चालू दिलं नाही. मुंबईच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. निघताना सिस्टरांनी मला आणि रेखाताईंना ओट्यावर उभं करून ड्युटी समजावली. आठ म्हणजे आठ. आधी गोळी, साध्या पाण्याबरोबर. मग चहा. जीभ बघायची. दादा खाटेवर बसून होते. त्यांना काय समजलं, किती समजलं, कळत नव्हतं. सिस्टर त्यांच्याजवळ गेल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "येते रे दादा." दादांनी मान हलवली.

पहिले दोन दिवस मी वेळेवर गेलो. गोळी दिली, दादांनी घेतली, फोनवर सिस्टरांना त्यांची जीभ दाखवली. सिस्टर नसल्याने ओट्यावर बाकी कुणी येत नव्हतं. तिसरा दिवस ऑपरेशनचा, आणि रेखाताई त्या दिवशी पहाटेच कारखान्यात गेल्या होत्या. त्यांना सकाळीच आत नेणार होते. नेमकं त्याच दिवशी एक माणूस तापलेलं पोर घेऊन दुकानात आला, त्याचं बघेपर्यंत आठ वाजून दहा मिनिटं झाली आणि फोन वाजला.

पडद्यावर सिस्टर. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, केस टोपीत, चेहरा सुकलेला. पण आवाज तोच.

"आठ वाजून गेले. कुठं हायस तू?"

"निघालोच, सिस्टर."

"म्हणजे दुकानातच हायस."

मी फोन हातात धरून गल्लीतून पळत सुटलो. त्यांना माझी हनुवटी आणि आभाळ एवढंच दिसत असणार, पण बोलणी अखंड चालू होती. ओट्याशी पोचलो आणि जागच्या जागी थांबलो. हिराजीदादा ओट्यावर बसले होते. डाव्या हातात पेला. पेल्यातून वाफ निघत होती, आणि अख्खीच्या अख्खी पात बाहेर लोंबत होती. स्वतः परसात जाऊन उपटून आणलेली, न मोडलेली. दारातून स्वयंपाकघरातला ओटा दिसत होता, त्यावर पाणी सांडलेलं.

"काय झालं? फोन फिरव," सिस्टर म्हणाल्या.

मला फिरवायचा नव्हता. पण त्यांच्यापुढे कुणाचं काय चाललंय? मी फिरवला.

त्यांनी पेला बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या डब्याच्या दिवशी बघितलं होतं.

"चहा?" त्या म्हणाल्या. "दादा, नुसता चहा घेतलास? परत?"

दादांनी पेला खाली ठेवला. सावकाश, अजिबात न सांडता. मग डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली आणि फोनसमोर धरली, इतकी जवळ की पडद्यावर नुसती चंदेरी चमक दिसली.

"लांब धर," सिस्टर म्हणाल्या.

दादांनी लांब धरली. कालच्या फुटलेल्या घरापुढचं घर फुटलेलं होतं. मग न सांगता त्यांनी तोंड उघडलं आणि वाकडी का होईना, जीभ उचलून दाखवली.

"कोणी दिली?"

दादांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"कधी?"

"आठ... ला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा... आला नाय." मग पुष्कळ वेळ शब्द जुळवत राहिले. "आन तू... नव्हतीस. मंग मीच... घेतली."

पडद्यावर सिस्टरांनी गाऊनच्या बाहीने नाक पुसलं. मागून तिथली कुणी नर्स मुलगी हाक मारत होती, आजी, वेळ झाली म्हणून. सिस्टर तिच्याकडे वळल्या. त्यांचा इतका मऊ आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"चल गो," त्या म्हणाल्या. "आता ने मला."